उन्हाळी सुट्टीची जमा बाजू

मार्चअखेरचा ताळेबंद जुळवून व्यापारी जरा कोठे उसंत घेतो, तोच घरातील मुलांच्या परीक्षा संपतात आणि दुसरा एक हिशेब समोर येऊन उभा राहतो. ‘सुट्टीत मुलांना कशात गुंतवावे?’ गेल्या काही आठवड्यांत तीन-चार स्नेह्यांनी हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत विचारला. त्यांपैकी एकाच्या मुलाने नववीची परीक्षा नुकतीच दिली; त्याचे दहावीचे वर्ग निकालाचीही वाट न पाहता सुरू झाले आहेत. दुसऱ्या गृहस्थांनी आपल्या कन्येसाठी सकाळी गणित, दुपारी इंग्रजी संभाषण आणि सायंकाळी स्केटिंग अशी व्यवस्था केली असून, साडेतीन ते साडेचार हा मधला तास कसा भरून काढावा या विवंचनेत ते आहेत.

‘गुंतवणे’ हे क्रियापद आपल्या भाषेत पैशालाही चालते आणि माणसालाही, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. पैसा पडून राहिला तर तो व्यापाऱ्याला बोचतो. गोदामातील माल हलला नाही तर रात्री डोळा लागत नाही. मग मुलाचे दीड-दोन महिने नुसते पडून राहावेत, ही कल्पना आपल्या घरांना कशी मानवावी? या धडपडीमागे आळसाची भीती जितकी आहे तितकेच प्रेमही आहे, हे मी जाणतो. स्पर्धा खरी आहे, चांगल्या महाविद्यालयांतील जागा मोजक्या आहेत आणि शेजारचा मुलगा पुढे निघून जाईल ही धास्तीही अगदीच निराधार नाही.

तरीही बँकव्यवसायातील एक साधी गोष्ट येथे सांगावीशी वाटते. बँकेकडे जमा होणाऱ्या ठेवींची सगळीच रक्कम तिला कर्जाऊ देता येत नाही. ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो. त्याला ‘रोख राखीव प्रमाण’ म्हणतात आणि त्या रकमेवर आज रिझर्व्ह बँक एका पैशाचेही व्याज देत नाही. व्यापारी दृष्टीने पाहिले तर हा शुद्ध तोटा. पण अशी हाताशी शिल्लक आहे म्हणूनच ठेवीदार रात्री निर्धास्त झोपतो. मुलाच्या सुट्टीलाही अशी एक रोख शिल्लक लागते. दिवसाकाठी एखादा तास असा हवा की खतावणीत त्याच्यासमोर कोणाचेही नाव नाही. विद्यार्थिदशेतील लहानसहान सुखे आणि अवचित भेटणारे आनंद बहुधा याच तासात येतात. ते वेळापत्रक विचारून येत नाहीत. आणि मूल घरी सापडले नाही तर आल्या पावली परत जातात.

कोल्हापूरचा उन्हाळा या बाबतीत मोठा उदार आहे. विदर्भातल्याप्रमाणे तो माणसाला दिवसभर घरात कोंडून ठेवत नाही. सकाळी रंकाळ्याच्या काठावर गार वारा असतो. दुपार तापते खरी. पण एप्रिल-मे महिन्यांत कधी कधी चारच्या सुमारास आभाळाच्या एका कोपऱ्यात ढग जमू लागतात, धुळीची वावटळ उठते, दुकानापुढची पोती आत घेण्याची आणि ताडपत्री ओढण्याची एकच धांदल उडते आणि टपोऱ्या थेंबांनी वळीव कोसळू लागतो. क्वचित गाराही पडतात. मोठी माणसे भिजलेल्या मालाच्या काळजीत असताना मुले गारा वेचण्यात दंग असतात. एकाच पावसाची नोंद एकाच घरात एकाच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा होते ती अशी!

त्या पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या वासाला ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. कोरड्या दिवसांत दगडमातीत साठलेली वनस्पतींची तेले आणि मातीतल्या सूक्ष्म जीवांनी निर्माण केलेली द्रव्ये पावसाच्या थेंबांबरोबर हवेत उधळली जातात, असे त्याचे कारण सांगितले जाते. नाव नवे असले तरी वासाचे मोल आपल्या देशातील व्यापाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते. उत्तर प्रदेशातील कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून ‘मिट्टी’ नावाचे अत्तर करीत आले आहेत. पेठेत शेकडो रुपये मोजून मिळणारी ही वस्तू आपल्या अंगणात फुकट येते. ती आली त्या वेळी मूल खिडकीशी होते की बंद खोलीतल्या शिकवणीत, एवढाच काय तो प्रश्न.

घराच्या गच्चीवरचा उन्हाळा हा आणखी एक ठेवा. आपल्या घरांतून अजूनही उडदाचे पापड, कुरडया, सांडगे आणि शेवया यांची बेगमी याच दिवसांत होते. चार घरच्या बायका जमतात, पोळपाट मांडले जातात आणि वाळवणाची राखण मुलांकडे येते. कावळ्याला हाकलण्यासाठी बसवलेला राखणदारच वाळवणाला अधिक घातक असतो, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. तेलात बुडवलेली पापडाची कच्ची लाटी आणि उन्हात अर्धवट सुकलेली कुरडई यांची चव तयार पदार्थाला कधी येत नाही. त्याच बैठकीत कोणत्या आत्याचे लग्न कसे ठरले, पणजोबांनी पेढी कोठल्या गावाहून आणली, कोणत्या साली महापुराचे पाणी दुकानात शिरले, असा घराण्याचा सारा इतिहास मुलांच्या कानांवर पडतो. तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही आणि ती पिढी गेल्यावर सांगणाराही कोणी उरत नाही.

दुकानाच्या पायरीवर बसून पाहता येईल असा एक चमत्कारही या सुट्टीत घडतो. पण पुष्कळांना त्याची वार्ता नसते. दरवर्षी ६-७ मेच्या सुमारास कोल्हापुरात मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाखाली दडते आणि क्षणभर सावली नाहीशी झाल्यासारखे दिसते. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात, साडेबाराच्या जवळपासची वेळ असते. कारण आपली भारतीय प्रमाणवेळ कोल्हापूरच्या पुष्कळ पूर्वेकडील रेखांशावर बेतलेली आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान असलेल्या प्रत्येक गावी वर्षातून दोनदा असे घडते. आपल्याकडे दुसरी खेप ऑगस्टच्या आरंभी येते, पण तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असल्याने ती बहुधा वाया जाते. बेळगावला हा दिवस ३-४ मेच्या सुमारास येतो, पुण्याला १३-१४ मेच्या, मुंबईला १५-१६ मेच्या आणि नागपूरला तर मेच्या अखेरच्या आठवड्यात. सूर्य दररोज थोडा थोडा उत्तरेकडे सरकतो याचा याहून सोपा पुरावा नाही. मुंबईला मामा आणि पुण्याला आत्या असलेल्या मुलांनी फोनवरून एकमेकांना आपापल्या सावल्यांचा वृत्तांत कळवावा. भूगोलाच्या पुस्तकातील अक्षांश मग आयुष्यभर विसरणार नाहीत. यासाठी उपकरण काय हवे? सरळ उभ्या कडांचे एखादे जुने पितळी माप माळ्यावर पडलेले असेल तर तेवढे पुरे.

दुकानाचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी थोडे बोलू. व्यापारी घरातील मुलाला सुट्टीत दुकानावर बसवावे की नाही, यावर आपल्यात दोन मते आहेत. काहींना वाटते की अभ्यासाचे वय, गल्ल्याची सवय लागू नये. काहींना वाटते की आतापासून बसला नाही तर पुढे बसणारच नाही. माझे मत विचाराल तर दिवसाचा एक तास जरूर बसवावे; परंतु नोकर कमी पडला म्हणून नव्हे आणि शिक्षा म्हणून तर मुळीच नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रयत शिक्षण संस्थेच्या द्वारे महाराष्ट्रभर नेले. श्रमाने विद्यार्थ्याचा मान वाढतो, ही त्यामागची धारणा होती. तो मान आपण दुकानातही राखला पाहिजे.

त्या एका तासात मुलाला जे मिळते त्याची यादी करणे कठीण आहे. गुळाच्या रव्यावर नुसती बोटे फिरवून त्याची प्रत सांगणारा जुना हमाल त्याला भेटतो. कागदपेन्सिलीवाचून सव्वाचौदा किलोचा भाव मनातल्या मनात काढणारे मुनीमजी भेटतात. उधारी मागताना आवाज किती चढवावा आणि कोठे थांबावा, हे वडिलांच्या तोंडून ऐकायला मिळते. एखाद्या दिवशी जास्त आलेले वीस रुपये परत करण्यासाठी वडील गिऱ्हाइकामागे भर उन्हात रस्त्यापर्यंत धावतात, ते दृश्य तर कोणत्याही प्रवचनापेक्षा खोलवर रुजते. आणि मग एखादे अनोळखी गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहून म्हणते, ‘धाकटे मालक, जरा भाव सांगा की!’ त्या ‘मालक’ शब्दाने मुलाच्या चेहऱ्यावर जे पसरते, त्याला मी सुख म्हणतो. येथे ‘मुलगा’ हा शब्द मी सोयीसाठी वापरला आहे. मुलींनाही हा तास मिळावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या घरात मुलगी रोजमेळ वाचू शकते त्या घरात पुढे पुष्कळ संकटे टळतात, हे मी बँकेच्या खिडकीमागून अनेकदा पाहिले आहे.

बँकेचा उल्लेख आला म्हणून एक उपयुक्त माहितीही देतो. वयाची दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला वा मुलीला स्वतःच्या सहीने बचत खाते उघडून ते स्वतंत्रपणे चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. एप्रिल २०२५च्या परिपत्रकात याविषयीच्या सूचना नव्याने एकत्र केल्या आहेत. रकमेची मर्यादा व अटी प्रत्येक बँक स्वतः ठरवते, आणि असे खाते नेहमी जमेतच राहिले पाहिजे असा दंडक आहे. नोकरीच्या काळात मी हजारो अर्ज तपासले, पण आठवणीत राहिले ते अशा लहान ग्राहकांचे. पहिली सही करण्यापूर्वी पोर दोनतीन वेळा हवेत लेखणी फिरवते. आईकडे पाहते. मग जीभ दातांत धरून आपले नाव असे काही कोरते की जणू शिलालेख! त्यानंतर काही महिन्यांनी पासबुकात व्याजाची पहिली नोंद उमटते. रक्कम दहाबारा रुपयांचीच असते, पण ‘मी तर हे भरलेच नव्हते!’ हे त्या बालग्राहकाचे आश्चर्य लाखमोलाचे असते. १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावरील व्याज दररोजच्या शिलकेवर मोजले जाते. तेव्हा सुट्टीत मिळालेले खाऊचे पैसे आज भरले काय आणि महिनाअखेर भरले काय, यात फरक पडतो. हे गणित स्वतः मांडून पाहण्याचा आनंद त्याच्या पदरात पडू द्यावा. उत्तर आधीच सांगू नये.

घर आणि दुकान यांच्यापलीकडे गावही आहे. आपल्या गावातील आश्चर्ये आपल्यालाच ठाऊक नसतात, हा सर्वत्रचा अनुभव. १८७०च्या दशकात बांधलेल्या टाऊन हॉलच्या इमारतीत आपले वस्तुसंग्रहालय आहे. तेथे समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. ग्रीक आणि रोमन लोकांचा हा देव पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर गेल्या शतकाच्या चौथ्या दशकानंतर जमिनीतून वर आला. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आले. समुद्रापासून घाटमाथ्यापलीकडे इतक्या दूर असलेल्या गावी हा समुद्राचा देव आला कसा? व्यापाऱ्यांच्या सामानातून, दुसरे काय! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या पेठांशी आपल्या किनाऱ्याचा व्यवहार होता आणि बंदरात उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे. आपल्या मुलाला त्या वीतभर मूर्तीपुढे उभे करून ‘हा आपल्या धंद्यातलाच कोणीतरी घेऊन आला असणार’ एवढेच सांगावे आणि गप्प राहावे. पुढचे प्रश्न तो स्वतः विचारील.

वाचनाविषयीही असेच. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही ते सात वर्षांनी वडील आहे. ग्रंथालयात मुलाला नेले की आपण लगेच त्याच्यासाठी ‘चांगले’ पुस्तक शोधू लागतो. तसे करू नये. त्याला कपाटांमधून हिंडू द्यावे. नको त्या कपाटात हात घालून हवे ते पुस्तक सापडण्याची मौज घरबसल्या मागवलेल्या पुस्तकात नसते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ साली सुरू झाले. त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. आपण शाळेत असताना जे कोडे सोडवले ते आपल्या मुलासमोर किंवा नातवासमोर ठेवून त्याला किती वेळ लागतो ते पाहावे. बहुधा तो आपल्यापेक्षा लवकर सोडवतो, आणि हाही एक आनंदाचा धक्काच.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे ठीक, पण यातून पुढे काय?’ व्यापाऱ्याने हा प्रश्न विचारणे स्वाभाविक आहे, म्हणून इतिहासातील एक नोंद पुढे करतो. १८५६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत लंडनमधील विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत हिवतापावरील क्विनाइन तयार करण्याच्या खटपटीत होता. क्विनाइन काही झाले नाही. भांड्याच्या तळाशी काळा गाळ तेवढा उरला. भांडे धुताना मद्यार्कात त्या गाळाचा जांभळा रंग उतरलेला त्याला दिसला. त्याने रेशमाचा तुकडा त्यात बुडवून पाहिला आणि रंग कपड्यावर टिकला. कृत्रिम रंगांच्या प्रचंड उद्योगाचा तो आरंभ होता. येथे मला मुलाइतकेच वडिलांचे कौतुक वाटते. पर्किनच्या वडिलांनी आपली पुंजी मुलाच्या कारखान्यात घातली आणि भावानेही साथ दिली.

पण ही कथा सांगून झाल्यावर मला एक धोकाही दिसतो. उद्यापासून आपण मुलाच्या रिकाम्या तासाकडे ‘यातून काही शोध लागतो का’ अशा नजरेने पाहू लागू, आणि मग तो तासही गुंतवणुकीत जमा होईल! शंभरातील नव्याण्णव मुलांच्या हाती जांभळा रंग लागणार नाही; त्यांच्या वाट्याला गारा येतील, पापडाच्या लाट्या येतील आणि नाहीशी झालेली सावली येईल. ते पुरेसे आहे. त्यांचा उपयोग पुढे सिद्ध व्हावाच लागतो असे नाही.

मोठ्या माणसाने यात काय करावे, याचा एक सुंदर नमुना ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांच्या बालपणात सापडतो. त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरातलाच. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्याने बालपण बनारसला गेले. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार उच्च शिक्षणासाठी तेथे राहायला आले होते. घरातल्या फळ्यावर मामा एखादे गणिताचे कोडे भाच्याला आव्हान म्हणून लिहून ठेवीत आणि भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हार मान्य करेपर्यंत ते तसेच राहत असे. यातील मर्म असे की तेथे शिकवणी नव्हती, गुण नव्हते आणि मुदतही नव्हती. येता-जाता फळ्याकडे नजर जावी आणि मनात काहीतरी घोळत राहावे, एवढीच योजना. आपल्या घरात गणित जाणणारा मामा नसला तरी हिशेब जाणणारे आजोबा असतातच. ‘एका गिऱ्हाइकाने इतकी उधारी ठेवली, दर महिन्याला इतके देतो, तर फिटेल केव्हा?’ असे कोडे दुकानातील भिंतीवरच्या पाटीवर लिहून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. अलीकडे दहावी-बारावीचे निकाल बहुधा सुट्टीच्या ऐन मध्यावर लागतात. २०२५ साली बारावीचा निकाल ५ मे रोजी आणि दहावीचा १३ मे रोजी लागला. त्या दिवसापर्यंत घरात आंब्याच्या पेट्या असतात, पाहुणे असतात, हसणेखिदळणे असते. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला तर पेढे वाटले जातात. तो तसा लागला नाही तर काय होते, हे आपण सर्वांनी जवळून पाहिले आहे. मामाच्या गावाला जाणे रद्द होते. सायकलला कुलूप लागते. जेवणाच्या पानावर कोणी बोलत नाही. जी सुखे मुलाने टक्क्यांच्या बदल्यात मिळवलेली नव्हती, ती टक्क्यांसाठी जप्त होतात. कर्जाचा हप्ता थकला म्हणून बँकदेखील ऋणकोच्या जेवणाची थाळी उचलून नेत नाही!

माझ्या माहितीतील एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी काही वर्षांपूर्वी असेच झाले. मुलाला दहावीला जेमतेम गुण मिळाले. वडील अबोल झाले आणि आई डोळे पुसत राहिली. मुलगा माडीवरच्या खोलीतून खाली उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने जिन्याखालून नेहमीच्या स्वरात हाक मारली, ‘अरे, कुरडया घातल्यात वर. कावळे आलेत बघ, ये लवकर.’ निकालाविषयी एक अक्षरही नाही. मुलगा गच्चीवर गेला आणि तासभर कावळे हाकत बसला. दुपारी जेवायला खाली आला. आज तो तिशीचा आहे आणि दुकान व्यवस्थित सांभाळतो. एकदा बोलता बोलता तो मला म्हणाला, ‘काका, त्या दिवशी आजीने हाक मारली नसती तर मी काय केले असते, हे मला आजही सांगता येणार नाही.’ त्याच्या या वाक्यापुढे मी काही बोलू शकलो नाही.

म्हणून लहान सुखांचे मोल मी केवळ मौज म्हणून करीत नाही. मुलाला जेव्हा वाटते की आपले सारे मोल एका कागदावरच्या आकड्यात आहे, तेव्हा हीच सुखे त्याला सांगतात की तू या घरचा आहेस, गच्चीवरच्या राखणीला तू हवा आहेस आणि वळीव तुझ्यासाठीही पडतो. ही शिल्लक आधीपासून साठवलेली असावी लागते. निकालाच्या दिवशी एकदम ती उभी करता येत नाही. गुणपत्रिका सुधारण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. पुरवणी परीक्षा जून-जुलैमध्ये होते, शाखा बदलता येतात, उशिरा उमललेली मुलेही आपण पाहिली आहेत. परंतु आपल्याच घरात आपण नकोसे झालो, ही नोंद एकदा मनाच्या कीर्दीत पडली की ती खोडणे फार अवघड.

शेवटी व्यवहाराचे चार शब्द. शिकवणी लावायचीच असेल तर जरूर लावा, पण दिवसातील एक तास कोणाच्याही नावे लिहू नका. त्या तासात भ्रमणध्वनी घरातील सर्वांचाच बाजूला असावा. केवळ मुलाचा काढून घेतला तर ती पुन्हा शिक्षाच ठरेल. आपल्या घरांतून दिवेलागणीपूर्वी जेवणे आटोपतात. मेमध्ये सूर्य मावळतो सातच्या आसपास. त्यानंतरचा संधिप्रकाश हा आपल्या मुलांना लाभलेला जादा वेळ आहे. गच्चीवर सतरंजी टाकावी आणि त्यांना बोलू द्यावे. मेअखेर पावसाआधीच्या दिवसांत जमल्यास राधानगरीच्या बाजूला एक संध्याकाळ काढून झाडांवर लखलखणारे काजवे दाखवावेत. पोहायला शिकवायचे असेल तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पाठीला डबा बांधूनच पाण्यात उतरवावे. करवंदे आणि जांभळे विकायला बसलेल्या बाईकडून पानाच्या द्रोणातला रानमेवा मुलालाच घेऊ द्यावा, भावही त्यालाच विचारू द्यावा, आणि तो दोन रुपयांनी फसला तर हसू नये.

आणि निकाल जवळ आला असेल तर आंब्याची पेटी आधीच आणून ठेवावी. आकडा काहीही येवो, ती त्याच दिवशी, सर्वांनी मिळून उघडावी.